सुमोचा एक आख्खा दिवस कसा बघायचा: पहिल्यांदाच बघणाऱ्यांसाठी

रील्समध्ये सुमो सगळ्यांनीच बघितलेला असतो. दहा सेकंदांची क्लिप, दोन अवाढव्य माणसं एकमेकांवर आदळतात, एक जण बाहेर, संपलं. तेवढ्यावर सुमो आवडणं कठीण आहे, कारण त्या दहा सेकंदांत नेमकं काय पणाला लागलंय हेच आपल्याला माहीत नसतं. कोणाच्या किती लढती जिंकून झाल्यात, किती उरल्यात, आज हरला तर पुढच्या वेळी कुठे फेकला जाणार, हे कळलं की तीच दहा सेकंदं बघताना पोटात गोळा येतो. म्हणून माझं म्हणणं असं की सुट्ट्या क्लिप्स बघत बसू नका, स्पर्धेतला एक दिवस निवडा आणि सकाळच्या यादीपासून शेवटच्या लढतीपर्यंत नीट फॉलो करा. कसा ते सांगते.

आधी वेळ ठरवा

वर्षात सहा मोठ्या स्पर्धा होतात, सगळ्या विषम महिन्यांत. जानेवारी, मे आणि सप्टेंबर टोकियोला, मार्च ओसाकाला, जुलै नागोयाला आणि नोव्हेंबर फुकुओकाला. प्रत्येक स्पर्धा १५ दिवसांची, साधारण महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सुरू होते आणि चौथ्या रविवारी संपते, मध्ये एकही सुट्टी नाही.

जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे आणि हे भारतातल्या लोकांच्या चांगलंच पथ्यावर पडतं. वरच्या गटाच्या, म्हणजे माकुउचीच्या लढती तिकडे दुपारी चारच्या थोड्या पुढे सुरू होतात आणि सहाला संपतात, आपल्याकडे साधारण पाऊण ते अडीच. जेवणाची सुट्टी आणि वर थोडी सवलत मिळाली तर काम झालं. त्याच्या खालच्या जुऱ्यो गटाच्या लढती आपल्या अकराच्या सुमाराला सुरू होतात. सगळ्यात खालच्या पोरांच्या लढती तर भल्या पहाटे, आपल्याकडे तेव्हा दूधवालाही आलेला नसतो. शेवटच्या दिवशी बक्षीस समारंभ असतो म्हणून सगळं अर्धा तास अलीकडे सरकतं, हे लक्षात ठेवा, नाहीतर नेमकी पहिली लढत जाते. दुबईला असाल तर वरचा गट सकाळी अकराच्या पुढे, लंडनला हिवाळ्यात सकाळी सात ते नऊ.

बघायचं कुठे, तर एनएचके वर्ल्ड जपान हा चॅनल साइटवर आणि अ‍ॅपवर फुकट आहे. स्पर्धेच्या काही ठराविक दिवशी ते शेवटचा भाग लाइव्ह दाखवतात, आणि रोजच्या लढतींचा अर्ध्या तासाच्या आतला हायलाइट्सचा कार्यक्रम असतो, इंग्रजी कॉमेंट्रीसकट. नोकरीवाल्यांनी हायलाइट्सच बघावेत, काही बिघडत नाही, फक्त त्या दिवशी सुमोशी संबंधित कुठलंही सोशल मीडिया पेज उघडू नका, थंबनेलमध्येच निकाल दिसतो.

मग बांझुके उघडा

बांझुके म्हणजे त्या स्पर्धेची क्रमवारी. जपान सुमो असोसिएशनच्या साइटवर इंग्रजीत असते. ही न बघता लढती बघणं म्हणजे वेळ घालवणं, इतकं मी स्पष्टच सांगते.

गट सहा. सगळ्यात वर माकुउची, त्यात ४२ जण. मग जुऱ्यो, २८ जण. त्याखाली माकुश्ता, सानदानमे, जोनिदान आणि तळाला जोनोकुची. वरचे दोन गट रोज लढतात, म्हणजे १५ लढती. खालचे चार गट स्पर्धेत फक्त ७ वेळा लढतात.

माकुउचीच्या आत परत पायऱ्या आहेत. सगळ्यात वर योकोझुना, मग ओझेकी, सेकिवाके, कोमुसुबी आणि उरलेले सगळे माएगाशिरा, त्यांना १, २, ३ असे नंबर. प्रत्येक नंबरवर दोघं, एक पूर्वेचा एक पश्चिमेचा, आणि पूर्वेचा अर्ध्या पायरीने वरचा समजतात. म्हणजे ‘माएगाशिरा ५ पूर्व’ असं लिहिलेलं दिसलं की हा माणूस मधल्या फळीत, थोडा वरच्या अंगाला आहे एवढं कळतं. पुरे.

आता महत्त्वाचा आकडा: आठ. १५ पैकी ८ जिंकल्या की काचिकोशी, म्हणजे पुढच्या स्पर्धेत सहसा वर. ८ हरल्या की माकेकोशी, म्हणजे खाली. सगळा खेळ या आठच्या भोवती फिरतो. विजेतेपदासाठी लढणारे शेवटी चार-पाच जण उरतात, पण आठव्या विजयासाठी जवळजवळ प्रत्येक जण झगडत असतो, आणि खरी घालमेल तिथे असते.

ओझेकीला थोडी सवलत आहे, एका स्पर्धेत माकेकोशी झाली तरी पद जात नाही, पण लागोपाठ दुसऱ्यांदा झाली की जातं. योकोझुनाला मात्र खाली आणतच नाहीत. ऐकायला बरं वाटतं, पण त्याचा अर्थ असा की जमत नसेल तर त्याने निवृत्तच व्हायचं, खालच्या पायरीवर उभं राहायची सोयच नाही त्याला.

दुखापत झाली तर? सूट नाही. गैरहजर राहिलात तर त्या लढती हरल्यासारख्याच धरतात. पूर्वी स्पर्धेत दुखापत झालेल्यांची जागा राखायची पद्धत होती, ती २००४ पासून बंद झाली. म्हणून तर गुडघ्याला भलंमोठं बँडेज बांधलेले पैलवान रोज मातीवर चढताना दिसतात. तेरुनोफुजीचं उदाहरण यासाठी माहीत असलंच पाहिजे. मंगोलियाचा हा पैलवान २०१५ मध्ये ओझेकी झाला, मग गुडघे गेले, मधुमेहाने गाठलं, आणि खाली खाली जात २०१९ मध्ये तो थेट जोनिदानमध्ये, म्हणजे तळापासून दुसऱ्या गटात येऊन पडला. तिथून परत चढला. २०२० च्या जुलैत माकुउचीत परतल्या परतल्या स्पर्धा जिंकली आणि २०२१ मध्ये ७३ वा योकोझुना झाला. जानेवारी २०२५ मध्ये निवृत्त झाला तेव्हा नावावर दहा विजेतेपदं होती. बांझुके वाचायला लागलात की अशा गोष्टी त्या नावांच्या रांगांमध्ये दिसायला लागतात, म्हणून म्हणते आधी बांझुके.

एक माणूस निवडा, पण योकोझुना नको

नवीन माणूस साहजिकच योकोझुनाला धरतो. सध्या नावं मोठीच आहेत, २०२५ मध्ये दोघं योकोझुना झाले. मंगोलियाचा होशोऱ्यू, जुन्या योकोझुना आसाशोऱ्यूचा पुतण्या, चपळ आणि फेकण्यात पटाईत. आणि इशिकावा प्रांतातला ओनोसातो, जो व्यावसायिक सुमोत आल्यापासून अवघ्या १३ स्पर्धांत तिथे पोचला, १९२ सेंटिमीटर उंच आणि सरळ पुढे चालत येणारा, त्याला थांबवणं म्हणजे महाकठीण. त्यांना बघाच. पण मनातला पैलवान म्हणून माएगाशिरा ६ ते १२ च्या मधला कोणीतरी घ्या, कारण तिथला माणूस कधी ११ जिंकतो कधी ४, आणि प्रत्येक दिवशी त्याचं काहीतरी खरं पणाला लागलेलं असतं. शैलीवरून निवडलंत तर उत्तम. उराला बघा, गुलाबी मावाशीवाला (मावाशी म्हणजे पैलवान कमरेला गुंडाळतात तो लंगोट), कमरेतून इतका लवतो की हरलाच म्हणेपर्यंत समोरचाच खाली असतो. मिदोरिफुजी बघा, ११५ किलोच्या आसपासचा, सुमोत वजनगट नसल्यामुळे तो दीडपट वजनाच्या माणसांशी रोज लढतो. वरच्या पायरीवरचाही चालत असेल तर आओनिशिकी बघा, युक्रेनचा पोरगा, युद्धामुळे २०२२ मध्ये देश सोडून जपानला आला आणि २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये स्पर्धा जिंकून ओझेकी झाला. तो डोकं समोरच्याच्या छातीत खुपसून खालून लढतो आणि कितीही ओढलं तरी पुढे पडत नाही.

त्या दिवसाची यादी वाचा

रोजच्या जोड्यांना तोरिकुमी म्हणतात. आधीपासून पंधरा दिवसांचं वेळापत्रक नसतं, साधारण आदल्या दिवशी पंच मंडळी बसून दुसऱ्या दिवसाच्या जोड्या ठरवतात. एकाच तालमीतले, म्हणजे एकाच हेयातले दोघं समोरासमोर येत नाहीत, सख्खे भाऊही नाहीत, अपवाद फक्त शेवटच्या बरोबरी-तोड लढतीचा. पहिल्या आठवड्यात योकोझुना-ओझेकींना वरच्या माएगाशिरांशी लावतात, दुसऱ्या आठवड्यात मोठे मोठे आपसात भिडतात. आणि खालच्या नंबरचा कोणी भन्नाट फॉर्मात असेल तर त्याला उचलून वर आणून मोठ्यांसमोर उभा करतात, ‘आता दाखव’ म्हणून. २०२४ च्या मार्चमध्ये ताकेरुफुजीचं असंच झालं आणि त्याने खरंच दाखवलं, माकुउचीतल्या पहिल्याच स्पर्धेत जिंकला, असं ११० वर्षांत घडलं नव्हतं.

यादीत प्रत्येक नावाशेजारी त्या दिवसापर्यंतचा जिंकल्या-हरल्याचा हिशोब असतो, ६-३, ७-७ वगैरे. लढत सुरू व्हायच्या आधी तो वाचायची सवय लावा. ७-७ दिसलं शेवटच्या दिवशी की सावरून बसा. यादीतून तीनच लढती खुणा करून ठेवा: तुमच्या माणसाची, बरोबरीने आघाडीवर असलेल्यांची, आणि योकोझुनाची. बाकीच्या कानाडोळा करत बघितल्या तरी चालतं, नवख्याने सगळ्या वीस लढतींवर तितकंच लक्ष द्यायला गेलं की थकायला होतं आणि दुसऱ्या दिवशी बघायची इच्छा उरत नाही.

जुऱ्यो चुकवू नका

सकाळच्या खालच्या गटांबद्दल जास्त सांगत नाही, बहुतेकांना ते बघायला मिळतही नाही. पण माकुश्ताच्या शेवटच्या लढती आणि जुऱ्योचा तळ, हा पट्टा जमला तर बघाच. कारण सुमोतली सगळ्यात क्रूर रेघ तिथे आहे. जुऱ्योत पाय ठेवला की महिन्याला ११ लाख येन पगार, रंगीत रेशमी मावाशी, स्वतःची खोली, हाताखाली कामाला तरुण पैलवान. एक पायरी खाली माकुश्तात पगार शून्य, फक्त स्पर्धेपुरता भत्ता, काळी सुती मावाशी आणि दुसऱ्याची कामं. स्पर्धेच्या शेवटच्या दिवसांत माकुश्ताच्या वरच्या टोकाच्या पोराला मुद्दाम जुऱ्योच्या तळाच्या माणसाशी लावतात, जिंकेल तो वर. त्या लढतीत हरलेला कधी कधी तसाच क्षणभर उभा राहतो, मग वाकून नमस्कार करतो आणि जातो. चेहऱ्यावर काही दाखवायचं नसतं, तरी दिसतं.

मधल्या वेळात माकुउचीचे पैलवान भरजरी एप्रन घालून गोलाभोवती उभे राहतात, ओळखपरेडच ती. नंतर योकोझुना एकटा येतो, कमरेला पांढरा जाड दोर, त्याला कागदाच्या नागमोडी पट्ट्या, बरोबर दोन साथीदार, एकाच्या हातात तलवार. टाळी वाजवून पाय उचलतो तेव्हा आख्खं सभागृह एका सुरात ‘योइशो’ ओरडतं. पाचेक मिनिटांचा कार्यक्रम, फॉरवर्ड करू नका.

एक लढत, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

आता मुख्य भाग. इथे घाई करायची नाही.

गोल ४.५५ मीटर व्यासाचा, भाताच्या काडाच्या गठ्ठ्यांनी आखलेला, उंच मातीच्या ओट्यावर. स्पर्धेच्या आदल्या दिवशी या मातीची पूजा होते आणि मधोमध खड्ड्यात तांदूळ, मीठ, सुकं चेस्टनट, समुद्री शेवाळ, सुका माकूल असं पुरतात. आपल्याकडे लाल मातीत हळद, ताक, तेल मिसळून आखाडा पूजतात ते बघितलेल्याला यात वेगळं काही वाटणार नाही. फरक नियमांत आहे: इथे चितपट करायची गरज नाही. तळपाय सोडून अंगाचा कुठलाही भाग आधी मातीला लागला, किंवा गोलाबाहेर पाय पडला, की हरलात. गुडघा, बोट, अगदी केसांची टोकं लागली तरी.

पंख्यावाला योबिदाशी येऊन दोघांची नावं लांब सुरात पुकारतो. विषम दिवशी पूर्वेचा आधी, सम दिवशी पश्चिमेचा आधी. पैलवान वर चढतो, पाय बाजूला उंच उचलून आपटतो, मग कोपऱ्यात जाऊन लाकडी पळीतून पाणी घेतो. हे पाणी कोण देतंय ते बघा. त्या बाजूचा आधीच्या लढतीत जिंकलेला पैलवान देतो, हरलेला देत नाही. म्हणून जिंकलेला लगेच आत निघून जात नाही, घामाने निथळत तिथेच थांबतो, पुढच्याला पाणी देतो आणि मगच जातो.

मग मीठ. मुठभर उचलून मातीवर फेकतात, शुद्धीसाठी. कोणी चिमूटभर, कोणी छताला लागेल असं उधळतो, यावरून माणूस ओळखता येतो. दोघं मधल्या पांढऱ्या रेघांशी वाकतात, डोळ्यात डोळे घालून बघतात, आणि… उठून परत कोपऱ्यात जातात. परत मीठ. परत वाकणं. नवखे इथे वैतागतात. पण ही चार मिनिटं नियमाने दिलेली आहेत, जुऱ्योत तीन, माकुश्तात दोन. १९२८ मध्ये रेडिओवर प्रसारण सुरू झालं तेव्हा पहिल्यांदा वेळेची मर्यादा आली, आणि ती तेव्हा दहा मिनिटं होती! या चार मिनिटांत काय बघायचं तर श्वास बघा. कोण आधी उठतो, कोण नजर आधी काढतो, कोणाची पावलं प्रत्येक फेरीला जड पडायला लागतात. वेळेच्या आतही दोघांची मनं जुळली तर लढत सुरू होऊ शकते, क्वचित होते, म्हणून लक्ष हटवू नका.

वेळ भरली हे कसं कळतं? कोपऱ्यातला योबिदाशी टॉवेल पुढे करतो. पैलवान तोंड, काखा, छाती पुसतो, काही जण मावाशीवर थापा मारतात, स्वतःच्या गालावर चापट्या मारतात, आणि प्रेक्षकांतून एकदम आवाज चढतो. टॉवेल दिसला की मोबाइल खाली ठेवा. हे एवढं जरी लक्षात ठेवलंत तरी एकही लढत चुकणार नाही.

मग ताचिआई, पहिली धडक. दोघांचे दोन्ही हात मातीला लागले की सुटायचं, शिट्टी-बिट्टी काही नाही, दोघांनी श्वास जुळवून स्वतःच सुटायचं असतं. एक आधी सुटला तर ‘मात्ता’, परत उभे राहा. पहिल्या धडकेत निम्मी लढत ठरते, त्यामुळे डोकी नका बघू, पाय आणि कंबर बघा. कोण खाली आहे? खालचा माणूस बहुतेक वेळा जिंकतो. मग हात बघा: मावाशीची पकड मिळाली की नाही, आणि समोरच्याच्या हाताच्या आतून की बाहेरून. काही जण फक्त पकड घेऊन लढणारे, काही जण फक्त ढकलणारे, आणि लढत म्हणजे खरं तर कोण कोणाला आपल्या पद्धतीने लढायला लावतो ती ओढाताण आहे.

कधी कधी एक जण धडक द्यायच्या ऐवजी बाजूला सरकतो आणि दुसरा तोंडावर पडतो. याला हेंका म्हणतात, नियमात बसतं, पण प्रेक्षक नाराजीचा लांब आवाज काढतात. माझं मत, लहान चणीच्या पैलवानाने अधूनमधून केलं तर ठीक, मोठ्याने केलं तर मलाही रुचत नाही.

मुठीने मारणं, केस ओढणं, डोळ्यात बोटं घालणं, गळा आवळणं, एकदम दोन्ही कानांवर थप्पड हे सगळं बाद. उघड्या पंजाने तोंडावर चापट चालते, आणि जोरात चालते.

ग्योजी म्हणजे रेशमी पोशाखातला पंच, तो ज्या बाजूला पंखा करेल तो जिंकला. त्याच्या पायांकडे बघा एकदा. खालच्या गटांचे ग्योजी अनवाणी, जुऱ्योपासून पांढरे मोजे, आणखी वरच्यांना चपला. सगळ्यात वरिष्ठ ग्योजीच्या कमरेला खंजीर असतो, निर्णय चुकला तर जीव द्यायची तयारी आहे याची ती खूण. आता जीव कोणी देत नाही, पण निकाल फिरला तर तो राजीनामा देऊ करतो. निकाल फिरवणारे असतात पाच परीक्षक, काळ्या किमोनोत खाली बसलेले. शंका आली की हात वर करून वर चढतात, गोल करून चर्चा करतात, मुख्य परीक्षकाच्या कानात इअरफोन असतो, त्यात व्हिडिओ रूममधून माहिती येते. हा व्हिडिओचा प्रकार १९६९ पासून आहे, क्रिकेटच्या थर्ड अंपायरच्या कितीतरी आधीपासून. निर्णय तीनपैकी एक: ग्योजी बरोबर, ग्योजी चूक, किंवा परत लढा. परत लढा झालं तर मजा आहे तुमची.

पाच डाव पाठ करा, बाकी नंतर

अधिकृत विजयी डाव ८२ आहेत, त्यांना किमारिते म्हणतात. सगळे शिकायच्या मागे लागू नका. योरिकिरी, म्हणजे मावाशी धरून रेटत बाहेर नेणं. ओशिदाशी, न धरता ढकलून बाहेर काढणं. हाताकिकोमी, समोरचा पुढे झुकला की वरून थापटून खाली पाडणं. उवातेनागे, बाहेरच्या पकडीने फेकणं. त्सुकिओतोशी, बगलेत हात घालून तिरकं खाली दाबणं. एवढ्यावर बराचसा दिवस निघतो. लढतीनंतर डावाचं नाव पडद्यावर येतं, आधी स्वतः मनात नाव घ्यायचं आणि मग ताडून बघायचं, आठवड्याभरात डोळा तयार होतो.

शेवटचा अर्धा तास

आता मोठी नावं. लढतीआधी माणसं रंगीत झेंडे घेऊन गोलाभोवती फिरतात, ती पुरस्कर्त्यांची बक्षिसं, एका झेंड्यामागे ७०,००० येन. जिंकलेला ग्योजीसमोर बसून हाताने हवेत तीन रेघा मारतो आणि पाकिटांचा गठ्ठा उचलतो. योकोझुनाच्या लढतीला हा गठ्ठा विटेएवढा जाड असतो.

माएगाशिराने योकोझुनाला हरवलं तर त्याला किनबोशी मिळते, आणि त्याबद्दल प्रत्येक स्पर्धेला जास्तीचे ४०,००० येन, तो जुऱ्योखाली घसरला नाही तोवर अख्खी कारकीर्दभर. अशा वेळी लोक बसायच्या गाद्या हवेत भिरकावतात. फेकू नका अशी घोषणा होते, तरी गाद्या उडतातच. खाली बसलेल्यांना लागतात म्हणून ते बरोबर नाहीच, पण टीव्हीवर तो आवाज ऐकताना अंगावर काटा येतो हेही खरं.

सगळ्यात शेवटी एक पैलवान धनुष्य फिरवायचा विधी करतो, मग दिवस संपतो.

दिवस संपल्यावर

पाच मिनिटं द्या. आघाडीवर कोण आणि किती पराभवांनी मागे कोण, हे बघा, कारण सुमोत शर्यत पराभवांवर मोजतात: बिनहार, एक हार, दोन हार. मग उद्याची यादी बघा. दहाव्या दिवसानंतर हे जास्त रंगतं, आणि शेवटच्या दिवशी दोघांची बरोबरी झाली तर तिथल्या तिथे निर्णायक लढत. विजेत्याला सम्राटांचा चषक आणि १ कोटी येन. शिवाय तीन खास बक्षिसं असतात, मोठ्यांना हरवल्याबद्दल, जिद्दीबद्दल आणि कौशल्याबद्दल, ती योकोझुना-ओझेकींना मिळत नाहीत, त्यामुळे तुमच्या मधल्या फळीतल्या माणसालाही तिथे संधी असते.

प्रत्यक्ष जाणार असाल तर

टोकियोतलं सभागृह म्हणजे ऱ्योगोकु कोकुगिकान, १९८५ मध्ये उघडलेलं, सुमारे ११,००० माणसांचं. सोबू लाइनचं ऱ्योगोकु स्टेशन अगदी लागून आहे, बाहेर पैलवानांच्या नावांचे उंच रंगीत झेंडे लागलेले असतात, चुकायचा प्रश्नच नाही. तिकिटं साधारण महिनाभर आधी असोसिएशनच्या अधिकृत तिकीट साइटवर निघतात आणि हल्ली भराभर संपतात, तेव्हा विमानाच्या तिकिटाच्या आधी याची तारीख बघा. खालच्या मजल्यावर चौकोनी बॉक्स असतात, चार जणांसाठी, बूट काढून गादीवर मांडी घालून बसायचं. चार मोठी माणसं त्यात मावताना कसरत होते, गुडघ्यांचा त्रास असेल तर सरळ वरच्या मजल्यावरची खुर्ची घ्या, तिथून गोल छान दिसतो आणि स्वस्तही पडतं. गोलाला लागूनच्या जागांवर खाणं आणि फोटो दोन्हीला बंदी, आणि दीडशे किलोचा माणूस अंगावर येऊ शकतो हे गृहीत धरून बसायचं.

दुपारी दोनच्या आधी पोचा. वरच्या गटाचे पैलवान त्या सुमाराला किमोनोत चालत येतात, हातभर अंतरावरून दिसतात. सकाळी सभागृह अर्धं रिकामं असतं, तेव्हा खालच्या पोरांच्या लढतींत हाडावर हाड आपटल्याचा आवाज स्पष्ट ऐकू येतो, टीव्हीवर तो कधीच येत नाही. इथलं याकितोरी, म्हणजे काडीला लावलेलं भाजलेलं चिकन, तळघरातच बनतं आणि प्रसिद्ध आहे. शाकाहारी मंडळींनी आधी पोटभर खाऊन जावं, चांको, म्हणजे पैलवानांचा नेहमीचा रस्सा, त्यातही चिकन किंवा मासे असतात.

एक गोष्ट माहीत असावी म्हणून सांगते. या मातीवर बाईला चढू देत नाहीत. २०१८ मध्ये क्योतो प्रांतातल्या मायझुरूला महापौर भाषण करताना वरच कोसळले, मदतीला धावलेल्या बायकांना खाली उतरा अशी घोषणा झाली, नंतर असोसिएशनच्या अध्यक्षांना माफी मागावी लागली. नियम अजून तसाच आहे. मला तो पटत नाही, हा खेळ इतका आवडत असूनही.

पुढची तयारी

नवी बांझुके सहसा स्पर्धेच्या १३ दिवस आधी, सोमवारी जाहीर होते. त्या दिवशी पाच मिनिटं काढून तुमचा पैलवान शोधा, कुठून कुठे गेला ते बघा, वर गेला असेल तर पहिल्या आठवड्यात त्याच्यासमोर कोण येऊ शकतं याचा अंदाज बांधा. पहिल्या दोन दिवसांच्या जोड्या शुक्रवारी लागतात, रविवारी दुपारी पाऊणच्या आत जेवण उरकून घ्या.